पाहुण्यांच्या सपाता

"बुलेट ट्रेनमध्ये एक डुलकी काढली की आलं तोक्यो. घरी यायला काय पाय मोडलेत तुमचे?"

ओसाका मागे पडलं, गाडी सुसाट सुटली, तरी बायकोचा फोनवरचा टोमणा शिगेकीच्या डोक्यात भणभणतच होता. बदलीच्या गावी एकट्यानं राब राब राबायचं, वर हे ऐकून घ्यायचं! रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मिठाईचा डबा घेतला होता, तोही धुसफुसतच.

दार त्याच्या चिमुरड्या लेकीनं, कोहारूनं उघडलं. दोन्ही हातांनी डबा घेत ती अदबीनं वाकली. त्यानं बूट काढताच तिनं सपाता पुढे सरकवल्या.

"अगं, या पाहुण्यांच्या! माझ्या कुठायत?" तो खेकसला.

कोहारू गोंधळली आणि आत वळून ओरडली, "आई, बाबांच्या पण सपाता असतात आपल्याकडे?"