फोपनारच्या बाईचा अर्ज

"तुम्ही खोटं बोलता, आणि दरवर्षी नवं बोलता."

पहिलं वाक्य लिहून पंडितभाऊंनी पेन कानावर ठेवलं. "झालं. आता साहेब खुर्चीत सरळ बसतो. 'विनम्र निवेदन' लिहिलं की तो चहा मागवतो."

अर्ज ते उभ्यानेच लिहीत. अंगणात कव्हर घातलेली मोटारसायकल होती. तिच्या सीटवर फळी टाकली की टेबल तयार. कागदाच्या मिलमधून निवृत्त झाल्यापासून बुऱ्हाणपूरच्या अख्ख्या राजपुरा मोहल्ल्याचे अर्ज याच फळीवर लिहिले गेले होते. तुंबलेल्या नालीचे, खांबावरच्या दिव्याचे, शहराच्या जुन्या दरवाजापाशी न थांबणाऱ्या बसचे. त्यांची शाळा सातवीपर्यंत. पण दफ्तरातले बाबू नुसतं अक्षर ओळखून घाम पुसत.

मोहल्ल्यातली पोरं मोटारसायकलवर लेह-लडाखला निघाली की तीही आधी पंडितभाऊंकडे येत. त्यांच्या भिंतीवर नकाशा होता. मनालीचा रस्ता निळ्या पेन्सिलीने, जम्मू-श्रीनगरचा लाल. "मनालीकडून उंची एकदम चढते, डोकं धरतं. श्रीनगरकडून हळूहळू चढते, पण लांब पडतं," ते सांगत. कोणत्या पंपावर टाकी फुल करायची, हेही त्यांना पाठ होतं.

आजचं काम बायकोने, मथुराबाईंनी आणलं होतं. सकाळी खुंटीवरच्या हेल्मेटातून लसणाचे गड्डे काढता काढता त्या म्हणाल्या होत्या, "फोपनारची एक बाई आहे. लेहला जायचं म्हणते, मोटारसायकलीवर. मंजुरी एका साहेबाच्या हातात आहे, तो देत नाही. दरवर्षी नवं काहीतरी सांगतो."

फोपनार त्यांचं माहेर. तिकडच्या माणसाचं काम या घरात अडत नसे.

"आणि मराठीत लिहा," मथुराबाई आता ओट्यावर बसून लसूण सोलत म्हणाल्या.

"दफ्तरात मराठी कोण वाचतं? सगळं हिंदीत चालतं."

"हा वाचतो. मराठीच आहे."

"मग तर सोडतच नाही त्याला. नाही म्हणताना कारण काय देतो?"

"नाही कुठं म्हणतो. एका साली म्हणाला, मनालीकडं बर्फ आहे. पुढल्या साली, जम्मूकडं दरड कोसळली. मग म्हणाला, दोन्ही रस्ते खुले आहेत, पण कोणता बरा ते आधी ठरवू द्या. ते ठरवणं सहा वर्षं चाललंय."

पंडितभाऊंचा चेहरा उजळला. चोर सापडला की तो असाच उजळायचा. "पुरानी चाल आहे ही. नाही म्हटलं तर माणूस वरच्या साहेबाकडे जातो. म्हणून नाही म्हणायचंच नाही, रस्ता ठरवत बसायचं."

त्यांनी लिहिलं: "रस्ते दोन आहेत. दोन्हींवरून रोज माणसं जातात, जिवंत परत येतात. अडलंय ते पहाडात नाही, तुमच्या बुडाखाली."

सून पूर्णिमा चहा घेऊन आली. तिने मान वाकडी करून वाचलं आणि पदर तोंडाला लावला. "बाबा, बुडाखाली म्हणजे जरा जादाच होतंय."

"राहू दे," मथुराबाई म्हणाल्या. "बरोबर आहे ते."

"लेखी काही दिलंय का त्याने?" पंडितभाऊंनी विचारलं.

"सगळं तोंडीच. आणि बोलतो एकदम गोड."

"गोड बोलणारा पक्का हरामी असतो."

"लिहा की मग."

"हरामी लिहिता येत नाही, केस होते." त्यांनी पेन दातांत धरून थोडा विचार केला. मग एका दमात लिहिलं: "तुम्ही भित्रे आहात, आणि भीती नकाशाखाली झाकता."

मथुराबाईंचे हात थांबले. "हे मला नसतं सुचलं."

"तीस वर्षं मिलमध्ये साहेबच बघितलेत," पंडितभाऊ म्हणाले. "आता शेवट. सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे."

"सात दिवस नको. सप्टेंबर लागलाय. पुढल्या महिन्यात वर बर्फ पडला की साहेबाला कारण आयतंच. बाईचं हेही साल जाईल."

पंडितभाऊंनी बायकोकडे कौतुकाने बघितलं. आपल्या सोबतीने ही पण तयार झाली होती. त्यांनी आधीची ओळ खोडली आणि लिहिलं: "हा अर्ज हातात पडताच, जिथे उभे असाल तिथेच, तोंडातून एक नाव काढा. मनाली की जम्मू? बाकी काही ऐकून घेतलं जाणार नाही."

"आता यातून साहेब सुटला तर माझं नाव बदला," ते म्हणाले. "त्याचं नाव काय? 'प्रति'पुढे जागा कोरी आहे."

"मी लिहिते. तुमचा चहा गार होतोय."

मथुराबाईंनी हात पदराला पुसले, फळीपाशी आल्या आणि सावकाश दोन ठिकाणी लिहिलं. वर एकदा, खाली एकदा. मग खुंटीवरचं हेल्मेट काढून उरलेला लसूण पूर्णिमाच्या सुपात ओतला. पूर्णिमा न विचारता मोटारसायकलीचं कव्हर ओढायला लागली.

"अगं, माझा अर्ज पडेल," असं म्हणत पंडितभाऊंनी कागद उचलला. तो वरपासून वाचला.

प्रति, श्री. पंडितभाऊ, अंगण, राजपुरा, बुऱ्हाणपूर.

खाली सही होती. अर्जदार मथुराबाई, माहेर फोपनार, हल्ली मुक्काम तुमच्याच घरी.

"पावती द्या," हेल्मेटातून आवाज आला. "आणि तिथेच उभ्याने बोला. मनाली की जम्मू?"