सोडते

"नाक हललं की दप्तर उचलायचं आणि भूगोलाच्या वर्गात जाऊन बसायचं. तिथे बाकं रिकामी आहेत," सर म्हणाले. अकरावीच्या भौतिकशास्त्राचा हा पहिलाच तास, आणि सरांनी अजून कुणाला 'बसा' म्हटलं नव्हतं.

छताच्या हुकाला तारेने एक लोखंडी गोळा टांगला होता, चांगला माणसाच्या डोक्याएवढा. खडूच्या रेषेवर उभं राहायचं, गोळा ओढून नाकाला टेकवायचा आणि सोडायचा. तो समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येईल. तेव्हा हलायचं नाही.

"नुसता सोडायचा. ढकललात तर परत येऊन नाक फोडेल. मग रडत माझ्याकडे यायचं नाही."

गोळा परत येताना पाहून पहिला उंच मुलगा झटकन खाली बसला. "भूगोल," सर म्हणाले. दुसरीने गोळ्याला हातही न लावता दप्तर उचललं. मुलं सरांना पाठीमागे 'करवत' म्हणतात हे रांगेतल्या तिसऱ्या मुलीला सकाळीच कळलं होतं. का म्हणतात, ते आत्ता कळलं.

मग ती रेषेवर उभी राहिली.

"तूच ना ती? जिन्यात बोलली की वरच्या मजल्यावर ऐकू येतं?"

"हो सर. मैत्रिणी भोंगा म्हणतात."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत.

"पोरी हा विषय महिनाभरात सोडतात. तूही सोडशील. मग माझा वेळ कशाला खातेस? आत्ताच सोड की."

"सोडते," ती म्हणाली, आणि तिने गोळा सोडला.

जाताना तो अगदी गरीब वाटला. भिंतीपाशी क्षणभर थबकला, जणू काही विसरलंय, आणि वळला. येताना मात्र तो वाढतच गेला. तिच्या गुडघ्यांना पळायचं होतं. तिने त्यांना मनातल्या मनात दटावलं: आपण त्याला जास्तीचं काही दिलेलं नाही, मग तो जास्तीचं आणेल कुठून?

नाकाच्या शेंड्याला वारा लागला. गोळा बोटभर अंतरावर थांबला आणि मुकाट्याने मागे फिरला.

"नशीब," सर म्हणाले. "जा, बस."

"नशीब नाही सर. ढकलला नव्हता मी." ती जागची हलली नाही. "आता तुम्ही."



"काय म्हणालीस?"

"आम्ही वर्षभर तुमच्याकडे शिकणार. तुमचंही नाक बघायला नको का?"

सगळा वर्ग सरांकडे बघत होता. माघार घ्यायला जागाच नव्हती. सर तरातरा रेषेवर येऊन उभे राहिले आणि त्यांनी गोळ्यासाठी हात पुढे केला. पण डुलत आलेला गोळा तिने आधीच दोन्ही हातांनी धरला होता.

"राहू दे सर, मी धरते. तुम्ही फक्त हलू नका."

तिने गोळा उचलून अलगद त्यांच्या नाकाला टेकवला. त्यांच्या मिशीवर खडूची भुकटी होती. ती भुकटी इतक्या जवळूनच दिसत होती.

"सोडू?"

सर गोळ्याकडे बघत नव्हते. ते तिच्या हातांकडे बघत होते.

"ढकलू नकोस हं," ते म्हणाले. पहिल्या बाकालासुद्धा जेमतेम ऐकू गेलं.