भाचीचे पाय

"सरक ना वो बाई, तुह्या अंबाड्यानं अर्धा टीव्ही झाकला," निर्मलाबाई मागून करवादली. पुढच्या बाईनं मान तिरपी केली. गोंदियाजवळच्या कुडव्यात सुखवंताबाईच्या बैठकीत रविवारी सकाळी वीसेक माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. टीव्हीवर पाय नाचत होते.

पाय रिंकीचे होते. उजव्या घोट्यावर सायकलच्या चेनचा व्रण होता आणि तो अख्ख्या गल्लीला पाठ होता. मालिका पोरांची. एक मुलगी गोंदियाकडची, एक पुण्याची. कधी भेटलेल्या नाहीत, फोनवर एकमेकींना नाच शिकवतात आणि त्यातून जिवाभावाच्या होतात. गोंदियाकडचा सगळा भाग इथेच कुडव्यात चित्रित झाला होता. सुखवंताची पंधरा वर्षांची रिंकी आठ दिवस उन्हात नाचली होती. लेक आज टीव्हीवर येणार म्हणून सुखवंतानं सकाळपासून दोन किलो पोहे वाढले होते.

कॅमेरा वर सरकला. घोट्यावरून घागऱ्यावर, घागऱ्यावरून चेहऱ्यावर. चेहरा रुचिकाचा होता.

रुचिका मुंबईची नटी, रिंकीच्याच वयाची, गोरीपान. चित्रीकरणाआधी दोन महिने रिंकीनं तिला फोनवर पावलं शिकवली. मालिकेतल्यासारखीच दोघींची दोस्ती जमली. रिंकी गोंदियाची मुलगी होणार, रुचिका पुण्याची, असं ठरून चित्रीकरणाची गाडी आली होती. आल्यावर दिग्दर्शकानं रिंकीला एकदा नीट पाहिलं आणि 'थोडा बदल' केला. गोंदियाची मुलगी आता रुचिका, पुण्याची दुसरी कुणी; नाचायचं रिंकीनं, बोलायचं रुचिकानं. "तुझाही चेहरा येईल, काळजी नको," असंही म्हणाला.

पडद्यावरची रुचिका गोरी नव्हती. कपाळापासून गळ्यापर्यंत तपकिरी रंग चोपडलेला होता. कानामागे तो संपायचा आणि मूळची रुचिका सुरू व्हायची.

बैठकीत पोहे चावल्याचा तेवढा आवाज आला.

"पाय किती चांगले दिसून राहिले ना!" शेजारची चेतना म्हणाली.

"हो ना. नाचात पायच तर पाहा लागते," दुसरी म्हणाली.

सुखवंतानं पोह्यांचं ताट खाली ठेवलं. तो रंग तिच्या ओळखीचा होता. मेकअपसाठी त्या लोकांनी तिचंच मागचं अंगण घेतलं होतं आणि जाताना तिचा पांढरा टॉवेल माखून गेले होते. तीन वेळा सोड्यात उकळला, डाग हलला नाही. शी, कसला घाणेरडा रंग, असं म्हणत तिनं मेलेला उंदीर उचलावा तसा तो टॉवेल दोन बोटांनी उचलला होता आणि गाडी पुसायला भावाकडे टाकला होता. आता तिला आठवलं, तो रंग कालवला कसा ते. मेकअपवाल्यानं रिंकीचं मनगट धरून रुचिकाच्या गालाला लावलं होतं. एकदा मनगटाकडे बघायचा, एकदा वाटीकडे. "आई, आमचा मॅचिंग रंग!" असं ओरडत रिंकी स्वयंपाकघरात आली होती. तेव्हा रुचिकाला ऊन लागू नये म्हणून छत्री धरून उभा होता लोकेंद्र, सुखवंताचा सख्खा भाऊ. त्यानंच ही माणसं आणली होती. त्यालाही एक लहानसं काम मिळालं होतं, मालिकेतल्या मामाचं.

तो मामा आता पडद्यावर आला. इकडे कुणी बांधत नाही असा केशरी फेटा डोक्यावर. रंगवलेली रुचिका वाकली आणि त्याच्या पाया पडली.

बैठक उसळली.

"अगे माय! भाचीले पाया पडू देल्लं?" निर्मलाबाई उठून उभीच राहिली. "आपल्यात मामा पडते भाचीच्या पाया! पाप लागते बे!"

"छी! त्या डायरेक्टरले सांगाले तुह्या तोंडाले कुलूप होतं काय?" केवलराम कोपऱ्यात बसलेल्या लोकेंद्रवर खेकसला.

"टीव्हीवर याची भल्ली हौस त्याले. फेटा पाहा कसा घातला, माकडावानी."

सगळ्यांना एकदम कंठ फुटला. चिडायला काहीतरी सापडलं होतं, आणि सापडलं ते सोयीचं होतं. भाची म्हणजे देवी, कुणी म्हणालं. समाजाची अब्रू गेली, कुणी म्हणालं. "असं नाही कराव रे भाऊ," सुखवंताही म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला स्वतःच्याच जिभेची किळस आली.

रिंकी टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली होती. मांडीवर फोन पालथा पडला होता. गाडी मुंबईला परतल्यापासून रुचिकानं तिचा एकही फोन उचलला नव्हता.

लोकेंद्रनं कान पकडले. "चुकलं ना बाप्पा," तो उठत म्हणाला. "आता भाचीच्या पाया पडतो, अन् विषय खतम."

"हां, हे झालं बरोबर," केवलराम म्हणाला. निर्मलाबाईनं पाय धुवायला पाण्याचा तांब्याही पुढे सरकवला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर प्रसाद मिळाल्यासारखं समाधान पसरलं. लोकेंद्र रिंकीसमोर गुडघ्यावर बसला आणि वाकला. त्याचे हात घोट्यावरच्या त्या व्रणापर्यंत पोचले.

रिंकीनं पाय झटकन पोटाशी ओढले.

"पाय राहू दे, मामा. पाय साऱ्याईनं पाहिले. वर पाह्य. मी काळी आहो म्हणून त्याईनं माह्यं तोंड नाही घेतलं, अन् तू तवा तिच्यावर छत्री धरून उभा होता."