पांढऱ्या चादरीवर आमटी

“खाटा दाखवा आधी. चहाबिहा मागनं,” तानाबाई म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता आत चालू लागली.

प्रियदर्शनी मगदूम तिच्या मागं निघाली. पन्हाळा रस्त्याला उसाच्या रानाकडेला असलेला हा वृद्धाश्रम तीच सांभाळायची. माणसं आणून सोडणारी तिनं पुष्कळ बघितली होती. पण न कळवता येऊन फौजदारासारखी झडती घेणारी म्हातारी आजच बघत होती.

फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. मागच्या सीटवर एक माणूस बसला होता. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, डोक्यावर टोपी. मान खाली.

“मुलगा काय?”

“व्हय. एकलाच.”

“मग आत का येत नाही?”

“मीच बस म्हटलंय. बसू दे.”

प्रियदर्शनीच्या कपाळावर आठी चढली. असले मुलगे तिला पाठ होते. आईला पुढं धाडायचं, आपण गाडीत बसायचं आणि सही झाली की निघायचं. मागच्या वर्षी एक जण असाच गेला. बाप वारला तेव्हाही त्यानं फोन उचलला नाही.

तानाबाईनं बायकांच्या खोलीतली रिकामी खाट तळहातानं दाबून बघितली. शेजारच्या खाटेवर बसलेल्या बाळाबाईंची वाकळ उचलून नाकाला लावली. मग त्यांचा हात हातात घेऊन बोटं बघितली.

“नखं कोण काढतं?”

“आमच्या बायकाच.”

“आणि माणूस हात वढून घ्याय लागलं तर?”

“मग त्या दिवशी राहू देतो. दुसऱ्या दिवशी काढतो.”

तानाबाई नुसती हुंकारली. पसंत पडलं की नाही, कळायला वाव नव्हता.

न्हाणीघराच्या कडीशी ती बराच वेळ झटापट करत राहिली. आत माणूस अडकलं तर ही बाहेरनं निघते का? फाटकाला कायम कुलूप असतं का? रानात विहीर हाय का, तिला कठडा हाय का? प्रियदर्शनी उत्तरं देत गेली. इतके बारीक प्रश्न तपासणीला येणाऱ्या साहेबांनीही कधी विचारले नव्हते.

“बाप्यांची बाजू दाखवा.”

“तिकडं काय काम तुमचं, आजी?”

“तिकडं आरडाओरडा असला तर हिकडं झोप लागंल व्हय कुणाला? आणि ते आजी-आजोबा बंद करा. नावानं हाक मारायची. सवयीचं नाव कानावर आलं न्हाय, तर माणूस ओ देत न्हाय.”

तिनं बाप्यांची बाजूही बघितली. बायकांच्या खोलीत परत आल्यावर विचारलं, “साठीची अट हाय न्हवं अजून?”

बाळाबाई खाटेवरनं खुदकन हसल्या. “अगं, तू तर साठी कवाच खाऊन बसलीस की!”

प्रियदर्शनीलाही हसू आलं. तानाबाई हसली नाही. तिला खोकल्याची उबळ आली. पदर तोंडाला लावून ती भिंतीला टेकली. उबळ थांबल्यावर तिनं पदराकडं बघितलं आणि घाईनं तो कमरेला खोचला.

“डॉक्टरना दाखवलंय का?”

“दाखवलंय. जेवण आणा आता. जे समद्यांना वाढता तेच. खाटंवरच द्या.”

वर्षाराणी ताट घेऊन आली. दिवसभर दोन्ही बाजूंचं तीच बघायची. भाकरी, वांग्याची भाजी, वाटीत गरम आमटी. तानाबाईनं घास तोंडात घातला. वाटी उचलली आणि ती हातातनं सुटली. पिवळी आमटी पांढऱ्याशुभ्र चादरीवर पसरली.

“असू दे, असू दे,” वर्षाराणी हसत म्हणाली. तिनं चादर बदलली, दुसरी वाटी आणली.

तानाबाईनं ती वाटी उचलली. या वेळी प्रियदर्शनीनं तिचा अंगठा बघितला. अंगठ्यानं वाटी हळूच कलती झाली. आमटी परत चादरीवर.

वर्षाराणीचं हसू गेलं. ती तशीच उभी राहिली, ओठ आवळून. सकाळपासून तिनं सात-आठ चादरी धुतल्या होत्या. तानाबाई तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

वर्षाराणी खाली बसली. चादरीला तिनं हात लावला नाही. आधी तानाबाईचा हात धरून ओल्या फडक्यानं पुसला. “भाजलं न्हाय न्हवं? दाखवा. तानाबाई, बोटं उघडा बघू.”

मग तिनं चादर ओढली आणि ती बाहेर गेली.

“मुद्दाम सांडलंत तुम्ही,” प्रियदर्शनीचा आवाज चढला. “आमची माणसं काय—”

“व्हय, मुद्दाम. पयल्यांदा समदीच गोड बोलत्यात, बाई.” तानाबाईनं डोळे मिटून घेतले. “हितं एकदा ठेवलं की परत न्यायला कुणी न्हाय. मला चुकून चालायचं न्हाय.”

प्रियदर्शनीचा राग विरघळला आणि सगळाच्या सगळा फाटकाकडं वळला.

“आता तरी मुलाला बोलवा.”

“तुम्हीच आणा त्याला. माझ्या पायात बळ न्हाय. हळू बोला त्याच्यासंगं.”

हळू! प्रियदर्शनी तरातरा अंगण ओलांडून रिक्षापाशी गेली.

“अहो, उतरा खाली! तुमची आई एकटी खाटा चाचपत हिंडतीय, आणि तुम्ही इथं पावण्यासारखं—”

माणसानं मान वर केली. टोपीखालचे केस पांढरे झाले होते. सदऱ्याच्या छातीवर आमटीचे जुने, धुऊनही न गेलेले डाग होते. तानाबाईची पिशवी त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली होती. तो तोंडभर हसला. लाळ हनुवटीवर ओघळली.

“आई आली?”

आई आली होती. भिंत धरत, फाटक धरत ती मागोमाग आली होती. तिनं हातानं त्याची हनुवटी पुसली.

“उतर, केरबा. खाट बघितली तुझी. बरी हाय.” मग ती प्रियदर्शनीकडं वळली. “गेल्या आठवड्यात साठ भरली त्याला. तवर मला मरायला सवड न्हवती.”