बायजाचा आवाज

वरंधच्या वरच्या वाडीत बायजाकडे मुंबईची माणसं आली. परदेशातल्या एका जुन्या कार्टून पिक्चरला मराठी आवाज द्यायचे होते आणि त्यासाठी त्यांना "अगदी अस्सल गावरान" बोलणारी बाई हवी होती. त्यांनी वाक्यं वाचून दाखवली, बायजाने ती आपल्या बोलीत म्हटली. "ये गो बाय, भुकेली दिसतेस. घरात ये, जेव." हे वाक्य तिला फार आवडलं. दारावरून जाणाऱ्याला ती रोज हेच तर म्हणायची.

पिक्चर महाडच्या शाळेत दाखवणार म्हटल्यावर बायजा एसटीने खाली उतरली. तिची लेक अमिता तिथेच वसतिगृहात राहून आठवीत शिकत होती. बायजा तिच्याशेजारी जाऊन बसली.

पडद्यावर गोरीपान राजकन्या शुद्ध पुणेरी मराठीत बोलत होती. मग झाडीतून पोरं खाणारी एक चेटकीण आली, काळीकुट्ट, जाड ओठांची. तिने दात विचकले आणि म्हणाली, "ये गो बाय, भुकेली दिसतेस."

सगळं सभागृह खदाखदा हसलं. पोरं तिची नक्कल करायला लागली.

बायजा हरखून गेली. "ऐकलंस काय गो अमिता? माझा आवाज हाय!"

पुढच्या रांगेतल्या मुली मागे वळल्या. "अमिता, ही तुझी आई?"



"नाही गं," अमिता म्हणाली. "आमची गुरं राखते."