मेंडोल्यावरची देवी

उकंडाजीनं पटाशीची धार अंगठ्यावर पाहिली आणि तारा उतरवलेला मेंडोला मांडीवर आडवा घेतला. वाद्याच्या डोक्यावर देवीचं तोंड कोरलेलं होतं.

"नागोराव, धर घट्ट."

नागोरावनं धरला नाही. "काका, त्या तोंडाच्या मागंच खुंट्यायचे भोकं हायेत. पटाशी बसली का डोकं फाटन. मंग उद्या घाटंजीच्या सभेत मी वाजवू काय?"

"अन् डोक्यावर देवी घेऊन बुद्धाचं गानं म्हनशीन?"

अंगणात वस्तीतली दहाबारा माणसं उभी होती. धम्मदीक्षा घेऊन अजून वर्षही झालं नव्हतं. सकाळीच सगळ्यांनी घरातले देव नेऊन नदीत सोडले होते. उकंडाजीनं तर आपल्या आईचा चांदीचा टाकही सगळ्यांसमोर पाण्यात सोडला होता. त्याला आता कोण अडवणार? वस्तीत देव म्हणून एवढाच उरला होता.

मेंडोला जुना. मेंडोलिनपेक्षा मोठा, आवाज खर्जातला. पोट फुगीर, आणि ते फळी वाकवून नाही, जाड लाकडातून कोरून काढलेलं. एक चीर पडली होती, ती लाखेनं भरली होती. पितळी पडदे बोटांखाली झिजून खोलगट झाले होते. डोकं तुटलं म्हणून वणीच्या एका बँडवाल्यानं तो टाकून दिला, तेव्हा नागोरावच्या बापानं उचलून आणला आणि सागवानाचं नवं डोकं बसवलं. जोड कुठं आहे ते नखालासुद्धा लागत नव्हतं. डोक्यावर तोंड कोरलं. बाप गेला, पण दर नवरात्रात नागोरावची आई, पंचफुलाबाई, त्या तोंडाला तेल-शेंदूर लावतच राहिली. वीस वर्षांचा थर. नाक-डोळे पार बुजून गेलेले.

"शेंदूर खरडू दे पहिले," उकंडाजी म्हणाला. "किती खोल जा लागते ते तरी दिसन."

त्यानं चाकू घेतला. लाल खपल्या धोतरावर पडायला लागल्या.

"काकाजी, देवीले हजामतीले बसोलं काय?" मागून कोणीतरी बोललं. दोघंतिघं हसले. उकंडाजी हसला नाही. नागोरावचे डोळे चाकूच्या पात्यावर होते. पातं खुंटीजवळ गेलं की तो हात पुढं करायचा.

कपाळ निघालं. मुकुट नव्हता, डोक्यावरून पदर होता. मग नाक निघालं, जरा बसकं. मग हनुवटी. तिच्यावर तीन बारीक ठिपके, सुईनं टोचल्यासारखे.

उकंडाजीचा हात थांबला.

"देवीले गोंदन असते?"

नागोरावनं वाकून पाहिलं. मग मान वळवून दाराकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

पंचफुलाबाई चौकटीला टेकून उभी होती. हनुवटीवर तेच तीन ठिपके. मधला जरा खाली घसरलेला. लाकडातही मधलाच खाली होता.

"वहिनी," उकंडाजी हळूच म्हणाला, "देवी हाय म्हून कोनं सांगतलं तुमाले?"

"नागोच्या बापानं. शेंदूर फासूनच आनला घरात. म्हने, देवी हाय, पाया पड."

"अन् तुमी पडल्या?"

"पडली ना, भाऊजी. उपास बी धरले."

उकंडाजीनं चाकू आणि पटाशी बाजूला ठेवली. धोतरावरचा शेंदूर झटकला. मेंडोला उचलून नागोरावच्या हातात दिला.

"तारा चढव," म्हणाला. "सांज होऊन राह्यली."

नागोरावनं पहिली तार घेतली. ती खुंटीच्या भोकात जाईना. दोनदा चुकली.

पंचफुलाबाई पुढं आली नाही. जागेवरूनच ती त्या लाकडाच्या तोंडाकडे बघत राहिली, मग पदर कपाळावर ओढून घेतला.

"घरात तं नागोचा बाप कधी मान वर करून पाहे बी नाही माह्याकडं," ती म्हणाली.