हिवाने जळालेले गुलाब

चार दिवसांनी झोर्नित्सा प्लोव्हदिवहून परतली ती पिशवी हातात घेऊन थेट मळ्यावरच गेली. सासूने गुलाबाची एकूण एक झुडपं जमिनीलगत छाटून टाकली होती. छातीएवढी झुडपं, आता नुसते वीतभर खुंट. फांद्यांचे ढीग बांधावर पडले होते.

सासू, पेत्राना, शेवटच्या ओळीत गुडघे टेकून खुंटांना माती लावत होती. साठी कधीच उलटलेली, हात ओरखड्यांनी भरलेले. झुडपं हिवाने जळाली, ती वर न बघता म्हणाली. फेब्रुवारीत पाऊस फांद्यांवरच गोठला, त्यात सगळं गेलं. मुळं जिवंत आहेत, फुटतील. पण फुलं आता दोन वर्षांनी.

झोर्नित्साने पिशवी बांधावर ठेवली. ती निघाली तेव्हा शेंडे काळे पडले होते खरे, पण इतकं झालं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

नवरा, देयान, जाऊन चार वर्षं झाली होती. मे महिन्यातली फुलांची तोडणी एकट्या सासूला झेपायची नाही, म्हणून ती राहिली होती. प्लोव्हदिवचा लुबेन, बेकरीवाला, दर वर्षी लग्नाचं विचारायचा. ती दर वर्षी म्हणायची, एवढी तोडणी होऊ दे. आताही तेच सांगून आली होती.

"दोन वर्षं तोडणी नाही," पेत्राना म्हणाली. "मग इथं राहून करणार काय? माझ्या तोंडाकडे बघत बसणार? जा पोरी. त्याला हो म्हण."

"आणि तुम्ही, आई?"

"मला काय धाड भरलीय? कोंबड्या आहेत, भांडायला शेजारीण आहे."

हातांना काहीतरी काम हवं म्हणून झोर्नित्सा फांद्या जाळायला गोळा करू लागली. हिवाने मेलेली फांदी आतून तपकिरी आणि कोरडी होते, हे तिला पेत्रानानेच पहिल्या वर्षी शिकवलं होतं. तिने एका फांदीचा काप पाहिला. मग दुसरीचा. मग ती ढिगाशी वाकून एकेक फांदी उलटून पाहू लागली. पेत्राना तिच्याकडे पाठ करून माती लावत राहिली.

काळ्या शेंड्यांखाली एकूण एक फांदी ओली होती, हिरवीगार.